धाप, वजन आणि पंप: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

वाढलेलं वजन आणि दमा या दोन्हींशी एकाच वेळी झगडणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. छातीविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. औषधांचे डोस समजावण्यासाठी लिहिले आहेत. बदल मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रश्न : माझं वय ४४, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ८४ किलो. दहा वर्षं दमा आहे. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. पण चालायला निघाले की दहा मिनिटांत धाप लागते, म्हणून चालणंच सोडलं. सुरुवात कुठून करू? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : सुरुवात चालण्यापासून नको, धाप नेमकी कशाची आहे हे शोधण्यापासून करा. तुमचा बीएमआय ३५ आहे. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. एवढ्या वजनात दम नुसत्या चरबीनेही लागतो. पोटावरची आणि छातीवरची चरबी श्वासपटलाला नीट खाली उतरू देत नाही. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुफ्फुसात राहायला हवी तेवढी हवा राहत नाही आणि तळाकडच्या बारीक श्वासनळ्या मिटायला लागतात. ही धाप दम्यासारखीच वाटते, पण पंप मारून ती जात नाही. उलट पंप वाढत जातो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि माणूस आणखी घाबरतो.

फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. वजनाची धाप चालताना लागते आणि बसल्यावर तीन-चार मिनिटांत उतरते. दम्याची धाप बऱ्याचदा थांबल्यानंतर वाढते. पाच ते पंधरा मिनिटांनी ती सगळ्यात जास्त असते, सोबत खोकला, छाती आवळणं, शिट्टीसारखा आवाज येतो आणि ओसरायला अर्धा-पाऊण तास जातो. पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोरात जाते ते मोजणारं छोटं उपकरण) घरी असू द्या. चालायच्या आधी उभं राहून तीनदा फुंका, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहा. चालून आल्यावर ५, १० आणि १५ मिनिटांनी पुन्हा तसंच. समजा, आधी ३२० होता आणि दहाव्या मिनिटाला २६० झाला, तर जवळजवळ १९ टक्के घट झाली. १५ टक्क्यांच्या पुढची घट दम्याकडे बोट दाखवते. आकडा जागचा हलला नाही आणि तरीही धाप लागली, तर कारण वजन, रक्त कमी असणं किंवा हृदयाचा त्रास यांपैकी काही असू शकतं. ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. चालताना छातीत दुखत असेल किंवा पायांवर सूज असेल, तर ही तपासणी होईपर्यंत व्यायाम थांबवा.

स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) गेल्या वर्षभरात झाली नसेल तर करून घ्या. साल्ब्युटामॉल देण्याआधी आणि दिल्यानंतर पंधरा मिनिटांनी, अशी दोनदा फुंकर घ्यायची असते. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलीलिटरने वाढली, तर श्वासनळ्या औषधाने उघडताहेत असं समजायचं. तपासणीच्या आधीचे चार तास निळा पंप (साल्ब्युटामॉलचा, तात्काळ आराम देणारा) घेऊ नका. बाकीची औषधं किती आधी थांबवायची हे लॅबला विचारा. नाहीतर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळ्यांची दिशाभूल होते.

मग दमा आटोक्यात आहे का ते बघा. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? तात्काळ आराम देणारा पंप दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्याने रात्री जाग आली का? दम्यामुळे एखादं काम टाळलं का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर चालायला लागा. तीन किंवा चार ‘हो’ असतील तर आधी औषध मार्गी लावा, चालणं नंतर. हा क्रम उलटा झाला की माणूस पंधरा दिवसांत व्यायाम सोडतो आणि दोष स्वतःच्या आळसाला देतो. तुमचंही तसंच झालं असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते.

चालण्याची पद्धत अशी : पहिली दहा मिनिटं अगदी रमतगमत. ही दहा मिनिटं वाया जात नाहीत. हळूहळू तापलेल्या शरीरात व्यायामाने उठणारा दमा कमी उठतो. मग दोन मिनिटं जरा झपझप, एक मिनिट हळू, असे पाच फेरे. शेवटी पाच-सात मिनिटं पुन्हा हळू. एकदम थांबायचं नाही. वेग एवढाच ठेवा की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. दोन आठवडे सुखाने जमलं की झपझप चालण्याची मिनिटं दोनाची तीन करा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्या. नाशिकच्या थंडीत पहाटे पाचला बाहेर पडू नका. ऊन आल्यावर निघा, नाकातोंडावर ओढणी घ्या. हमरस्ता टाळा. धुळीच्या किंवा धुक्याच्या दिवशी इमारतीच्या पॅसेजमध्ये चाललात तरी चालेल.

आणि लक्ष्य? वीस किलो नव्हे. तुमच्या वजनाचे ५ टक्के म्हणजे ४.२ किलो, १० टक्के म्हणजे ८.४ किलो. ऑस्ट्रेलियातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५ ते १० टक्के वजन उतरलेल्यांपैकी ५८ टक्क्यांच्या दम्यात ठळक सुधारणा दिसली. ब्राझीलमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसत्या आहारापेक्षा आहाराला व्यायामाची जोड मिळालेल्यांचं वजन जास्त उतरलं आणि दमाही जास्त आटोक्यात आला. तेव्हा सहा महिन्यांत पाच ते आठ किलो, एवढंच मनात ठेवा.

प्रश्न : पंपातल्या स्टेरॉइडने वजन वाढतं म्हणून मी तो बंद केला. आता फक्त निळा पंप घेतो, दिवसातून तीन-चार वेळा. वजन तरीही ९६ किलोच आहे. (शिक्षक, वय ५२, सोलापूर)

उत्तर : सर, हे लवकर बदलायला हवं. निळा पंप श्वासनळी काही तास उघडतो. आतली सूज तशीच राहते, वाढतेही. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, हे जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या हिशेबाने एका वेळी दोन फवारे धरले, तर तुमचा पंप महिन्याभरात संपतो.

आता वजनाचा हिशेब. पंपातून बुडेसोनाइड हे स्टेरॉइड घेताना एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. अटॅक आल्यावर दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण प्रमाणाचा अंदाज येतो. भूक खवळते, अंगात पाणी धरतं, पोट सुटतं ते मुख्यतः गोळ्यांनी. नेहमीच्या मात्रेतल्या पंपाने वजन वाढल्याचं दिसत नाही. पंप सोडला की अटॅक येतात, अटॅक आले की गोळ्यांचे कोर्स लागतात आणि वर्षात असे तीन-चार कोर्स झाले की वजन चढतं. म्हणजे जो पंप तुम्ही वजनाच्या भीतीने सोडला, तोच तुम्हाला वजन वाढवणाऱ्या गोळ्यांपासून दूर ठेवत होता.

डॉक्टरांना एक गोष्ट मुद्दाम विचारा : बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनळी उघडणारं औषध) एकत्र असलेला एकच पंप, रोजचा आणि तात्काळ आरामाचाही, मला चालेल का? २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सूचनांचा कल नुसत्या निळ्या पंपाऐवजी याच पद्धतीकडे आहे.

पंप घ्यायची रीतही तपासा, कारण बहुतेकांचं औषध जिभेवरच राहतं. स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) वापरा. पंप हलवा, टोपण काढा, स्पेसरला लावा. श्वास सावकाश पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटून एकच फवारा मारा आणि तीन-चार सेकंद घेत हळू ओढा. मनात दहा मोजेपर्यंत श्वास धरा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने, पुन्हा पंप हलवून. स्पेसर शिट्टी वाजवत असेल तर तुम्ही फार जोरात ओढताय. कॅप्सूलच्या रोटाहेलरचं उलटं आहे : तिथे जोरात आणि खोल ओढायचं, आणि त्यात कधीही फुंकायचं नाही, नाहीतर ओल लागून पावडरच्या गुठळ्या होतात. शेवटी चूळ भरून थुंका. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

प्रश्न : सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादशा, एवढे उपवास करूनही वजन हलत नाही. दम्यामुळे दही, केळी, भात बंद आहे. (वय ३८, सातारा)

उत्तर : उपवासाच्या ताटाकडे बघू. एक माणूस पोटभर खिचडी खातो तेव्हा त्यात साधारण ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, एक मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा असतो. साबुदाण्याच्या २६५, दाण्याच्या १७०, तुपाच्या ११० आणि बटाट्याच्या ४० मिळून ५८५ कॅलरी झाल्या. प्रथिनं आठ-नऊ ग्रॅम, तीही बहुतेक कुटातली. दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग वेफर्स, राजगिऱ्याची चिक्की, गोड चहा. याउलट दीड ज्वारीची भाकरी, वाटीभर मुगाची घट्ट उसळ, वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर, हे जेवण ५०० कॅलरींच्या आत बसतं आणि १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतं. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. फक्त ५० ग्रॅम भगर, त्यावर ताक किंवा दही, काकडी, एखादं फळ आणि संध्याकाळी दूध किंवा पनीर, असं ताट मांडा. आणि उपवास आहे म्हणून पंप चुकवू नका.

दही, केळी, दूध यांनी दमा वाढतो असा ठोस पुरावा नाही. एखाद्या पदार्थाची खरी अॅलर्जी असेल तर तो खाल्ल्यावर लवकरच अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा घरघर सुरू होते, आणि दर वेळी तसंच होतं. असं होत नसेल तर दही परत आणा. ते सोडून तुम्ही स्वस्त आणि चांगली प्रथिनं सोडलीत. वजन उतरवताना दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत (किडनीचा त्रास असेल तर विचारून), नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि श्वास ओढायला लागणारी ताकदही घटते. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५, ३० ग्रॅम डाळीत ७.

तेल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजायचं. माणशी दिवसाला तीन ते चार छोटे चमचे. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटरच्या आसपास. महिन्याच्या एक तारखेला तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि वीस तारखेला किती उरलं ते बघा. चहा पाच वेळा, दर वेळी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर, जवळजवळ दोनशे कॅलरी. बाकी काहीही न बदलता साखर अर्ध्यावर आणली तरी फरक पडतो.

रात्रीच्या जेवणाकडेही लक्ष द्या. नऊ-साडेनऊला जेवून लगेच आडवं झालं की अॅसिड घशाशी येतं आणि पहाटे खोकल्याने जाग येते. लठ्ठपणात हे फार सर्रास होतं. जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास ठेवा, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा द्या. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि अॅसिड आणखी वर चढतं.

प्रश्न : आई (वय ६१) चार वर्षं दम्यासाठी पोस्टाने येणाऱ्या पुड्या घेते. दमा छान आहे, पण वजन १२ किलोने वाढलं, चेहरा गोल झाला. पुड्या बंद करू का? (लातूर)

उत्तर : एकदम बंद करू नका, हे सगळ्यात आधी. चेहरा गोल होणं, पोट वाढून हातपाय बारीक होणं, पोटावर जांभळट पट्टे, जरा लागलं की काळंनिळं पडणं, ही लक्षणं पुडीत स्टेरॉइडची गोळी कुटून घातल्याची असू शकतात. वर्षानुवर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अशात ते अचानक तोडलं तर उलट्या, बीपी खाली जाणं, बेशुद्धी येऊ शकते. जीवही जाऊ शकतो. पुड्या आणि पाकीट घेऊन आईंना याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या. सकाळी आठच्या सुमारासची कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासणी, साखर, बीपी, डोळे आणि हाडांची घनता बघतील, पुड्यांच्या जागी मोजलेली गोळी देऊन ती आठवड्या-महिन्यांनी हळूहळू कमी करतील आणि त्याच वेळी पंप सुरू करतील. तोपर्यंत डाएटचा विषय काढू नका. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून येणाऱ्या वजन घटवण्याच्या पावडरींबद्दलही हेच : घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नसेल तर ती पोटात घालू नका.

प्रश्न : गुडघे दुखतात, त्यामुळे चालणं होत नाही. गुडघ्याची गोळी घेतली की कधी कधी छाती भरते. व्यायाम कोणता करू? (वय ५६, कल्याण)

उत्तर : ती गोळी थांबवा आणि तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटाच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना अर्ध्या ते तीन तासांत जोराचा अटॅक येतो. नाकात कोंब असणाऱ्यांना जास्त. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. बीपीची किंवा काचबिंदूच्या थेंबांची औषधंही दाखवा, कारण प्रोप्रानोलॉल आणि टिमोलॉलनेही श्वासनळ्या आवळतात.

व्यायाम खुर्चीवर सुरू करा. पाय समोर सरळ करून पाच सेकंद धरा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, आठ वेळा. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. जागेवरची सायकल गुडघ्यांना सोसते. पोहणं उत्तम, पण क्लोरीनचा उग्र वास डोळ्यांत झोंबत असेल तर तो तलाव नको. अनुलोम-विलोम, दीर्घ श्वसन यांनी त्रास कमी जाणवतो, ते करा. त्याने पंपाची जागा भरत नाही. कपालभातीच्या झटक्यांनी काहींना खोकल्याची उबळ येते. तुम्हाला येत असेल तर आग्रह धरू नका.

प्रश्न : बीएमआय ३९ आहे. वजनाची नवी इंजेक्शनं घेतली तर दमाही बरा होईल का? (वय ३५, पुणे)

उत्तर : टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. दोन्ही आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या जवळ वजन उतरलं. ही दम्याची औषधं नाहीत. वजन उतरल्याने होईल तो फायदा होतो. डोस दर चार आठवड्यांनी पायरीपायरीने वाढतो. घाई केली की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता. पोटात असह्य कळ पाठीकडे जाऊ लागली तर लगेच दवाखाना गाठा. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी टिर्झेपॅटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधनही वापरावं. आणि औषध थांबलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं, हे आधीच माहीत असू द्या.

तुमच्या बीएमआयला शस्त्रक्रियेचाही विचार होतो. जळजळ, आंबट पाणी फार असेल तर स्लीव्हने (जठर कापून लहान करण्याने) ते वाढू शकतं, बायपासने (अन्नाची वाट जठराला वळसा घालून आतड्याला जोडण्याने) सहसा कमी होतं. सर्जनशी हे मोकळेपणाने बोला. ऑपरेशनआधी दमा आटोक्यात हवा. घोरणं, दिवसा डुलक्या, सकाळी डोकं जड असेल तर आधी झोपेची तपासणी करा. रात्रीचा दम हा कधी कधी स्लीप अॅप्नियाच (झोपेत श्वास अडणं) असतो आणि त्याचा उपाय पंप नसून सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देणारं) आहे.

प्रश्न : ११ वर्षांच्या मुलाला दमा आहे, वजन जास्त आहे. शाळेला पत्र देऊन पीटीतून सूट घ्यावी का? (रत्नागिरी)

उत्तर : नको. पत्र द्या, पण ते पंप दप्तरात ठेवू द्यावा आणि खेळाआधी घेऊ द्यावा यासाठी. या वयात वजन घटवायचंही नसतं. ते आहे तिथे धरून ठेवलं तर उंची वाढेल तसा फरक पडतो. रोज तासभर खेळ, बिस्किटं आणि पाकिटातले रस बंद, रात्री नऊला झोप. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली असेल तर त्याचा पलंग त्या भिंतीपासून लांब करा आणि मच्छर कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

प्रश्न : आठ महिन्यांत ९ किलो उतरले. धाप गेली, रात्री शांत झोप लागते. पंप बंद करू? (वय ४७, कोल्हापूर)

उत्तर : मनापासून अभिनंदन. एकदम बंद नाही, कमी मात्र करता येईल. दमा किमान तीन महिने सलग आटोक्यात हवा आणि स्पायरोमेट्री स्थिर हवी. मग डॉक्टर स्टेरॉइडचा डोस पाव ते अर्ध्याने उतरवतात, आणि पुढची पायरी पुन्हा तीन महिन्यांनी. मुहूर्तही बघा. दिवाळीचे फटाके, ऑक्टोबरनंतरची गार हवा, घरात कुणाला सर्दी-ताप, अशा वेळी डोस उतरवू नका, फेब्रुवारी-मार्च बरा. डोस बदलल्यावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो लिहा. तुमचा सगळ्यात चांगला आकडा ४०० असेल तर ३२० च्या वर ठीक. ३२० च्या खाली गेला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. २०० च्या खाली आला, बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा पंपाचा आराम चार तासही टिकेना, तर पंप घेत घेत हॉस्पिटल गाठायचं. हे तीन आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसतील असे.